सहा आठवडे खुर्चीत

५ फेब्रुवारी, गुरुवार

उश्या सात झाल्या. पाठीखाली तीन, हाताखाली एक, दोन्ही कुशींना एकेक आणि गुडघ्यांखाली बायकोची आवडती. तरी सकाळी बघतो तर मी घसरत घसरत पलंगाच्या पायथ्याशी!

सोमवारी ऑपरेशन झालं. उजवा खांदा. आतली स्नायूची दोरी हाडापासून सुटली होती, ती डॉक्टरांनी परत शिवली. तेहतीस वर्षं हात वर धरून लोकांचे केस कापले — सुटणारच. काल घरी पाठवलं. हात झोळीत, झोळी पोटाशी बांधलेली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय, मनगट आणि बोटं चालू ठेवा, रोज थोडं लिहीत जा. म्हणून ही वही. मांडीवर आणखी एक उशी, तिच्यावर वही, कोपर अंगाला चिकटलेलं. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला!

डॉक्टर काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. "सहा आठवडे आडवं झोपायचं नाही. पाठ पंचेचाळीस अंशांत. उजव्या कोपरावर भार देऊन उठायचं नाही. आतले टाके निसटले तर मी पुन्हा शिवीन, पण हात वर जाईल याची खात्री देणार नाही."

हात वर गेला नाही तर मी काय कापू — लोकांचे गुडघे? दुसरं काही येत नाही मला. साधा चहासुद्धा धड येत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

चारदा घसरलो. बायकोने चारदा काखेत हात घालून वर ओढलं. आता तिची पाठ धरली.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज थोडक्यात निभावलं. सकाळी जाग आली आणि सवयीने उजवं कोपर टेकून उठायला गेलो. "हात!" — बायको अशी ओरडली की वरच्या मजल्यावरचे काय झालं म्हणून विचारायला आले. कळ गेली ती थेट दाढांपर्यंत. घाम फुटला.

डॉक्टरांना फोन केला. "बहुतेक काही झालं नसेल. पण पलंगाचा नाद सोडा. रिक्लायनर घ्या, मागे टेकून झोपायची खुर्ची. दोन्ही हातांना आधार असतो, घसरायची भीती नाही."

मला खुर्ची सुचवतात! माझं अख्खं आयुष्य खुर्चीमागे गेलं. दुकानात माझी स्वतःची आहे. मागे झुकते, डोक्याला टेकू, पायांना पायरी. दाढीच्या वेळी भलेभले तिच्यात घोरतात. आमचे मास्तर, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक — ते तर फक्त झोपायलाच येतात असा मला संशय आहे. मग आपली चांगली खुर्ची सोडून नवी कशाला आणायची?

परवा सोमवार, दुकानाला सुट्टी. धाकटा भाऊ नसेल. जाऊन झोपून बघतो.

८ फेब्रुवारी, रविवार

बायको म्हणते, "भाऊजींना सांगून जा." कसं सांगू? पाच वर्षं झाली आम्हां भावांचं बोलणं बंद आहे.

दुकान एक, खुर्च्या दोन, मध्ये दीड हाताचं अंतर. सकाळी शटर एक जण उघडतो, संध्याकाळी दुसरा लावतो, आणि मधल्या वेळात जे काही बोलायचं ते गिऱ्हाइकामार्फत. "साहेब, जरा त्यांना सांगता का, पाणी संपलंय." साहेबांच्या तोंडाला फेस, ते बिचारे आरशात बघून त्याला सांगतात. तो म्हणतो, "त्यांना म्हणावं, बघितलंय." नव्या गिऱ्हाइकांना वाटतं आमच्यापैकी एक जण बहिरा आहे.

कारण? त्याने एकाची मान घेतली होती. मागची रेघ डावीकडे केसभर वर गेलेली. मी हातातलं काम सोडलं, गेलो आणि एक शब्द न बोलता ती सरळ करून आलो. त्याच्याच गिऱ्हाइकाची, त्याच्याच समोर. त्याने एप्रन काढून खुंटीला लावला. "आता सगळ्यांच्याच तुम्ही करा." मला अहो-जाहो! लहानपणापासून दादा-दादा करत मागे फिरणाऱ्याने!

रेघ वाकडी होती, हे मी आजही म्हणेन. पण ती तशीच राहिली असती तर आठवड्याभरात केस वाढून गेले असते.

पूर्वी आम्ही एकमेकांचेच केस कापायचो. आता मी पार गावाच्या दुसऱ्या टोकाला जातो. तिथे सांगितलंय की मी पोस्टात आहे. तो कुठे जातो कोण जाणे, पण कोणीतरी बरे कापतं त्याचे.

९ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात जाऊन आलो. शटर बायकोने उचललं.

एक गोष्ट आज लक्षात आली — मी माझ्या खुर्चीत कधी बसलोच नव्हतो! धाकटा माझे केस त्याच्या खुर्चीत कापायचा. माझ्या खुर्चीमागे मी फक्त उभा. आज बसलो, बायकोने मागे झुकवलं, डोळे मिटले.

दहा मिनिटं. टेकू मानेला असा रुततो की विचारू नका. बूड पुढे सरकतं. पायरीची कड पोटऱ्यांत घुसते. लोक हिच्यात झोपतात ते वीस मिनिटांनी उठायचं असतं म्हणून. आणि छताला हे एवढं जळमट! दाढी करून घेताना लोक इतकी वर्षं तेच बघत होते आणि एका माणसाने तोंड उघडून सांगितलं नाही. मास्तरांनीसुद्धा नाही.

म्हणजे नवी खुर्ची घेणं आलं. लेकीने फोनवर चाळीस फोटो पाठवलेत. तिचं म्हणणं, बटणावर चालणारी घ्या. वीज गेली की मी मध्येच लटकलेला राहणार, ते तिला सांगायला हवं.

११ फेब्रुवारी, बुधवार

खुर्ची पसंत केली! आणि कशी पसंत करतात ते त्या टायवाल्या विक्रेत्याला दाखवूनही आलो.

दुकान मोठं, खुर्च्याच खुर्च्या. तो लागला पोपटासारखा बोलायला — "सर, आधी बसून अनुभव घ्या." मी म्हटलं, "अनुभव मला नको शिकवू. ही बसेल." बायकोला बसवलं आणि मी मागे उभा राहिलो. मग एकेक बघत गेलो. मानेचा खळगा टेकूवर बरोबर बसतो का. कानामागची जागा मोकळी राहते का. हनुवटी वर जाते की छातीवर पडते. मागे उभ्या माणसाला वाकावं लागतं का. अकरा खुर्च्या बघितल्या. सातवीत हनुवटी पडत होती, नववी पाठीतून करकरत होती. विक्रेता नंतर वही काढून काहीतरी टिपून घेत होता.

बायको मध्ये एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही बसणार आहात की नाही?"

"माझा हात बांधलेला. अकरा वेळा कोण उठबस करणार?"

अकरावीत ती बसली, मागे झाली आणि पाचव्या मिनिटाला तिला डुलकी लागली. तोंड उघडं, मान सरळ, खांदे सैल. मग दुसरं काही बघायचंच नव्हतं. गिऱ्हाईक झोपलं की खुर्ची पास! तपकिरी रंग, दांडा ओढला की पाय वर येतात आणि पाठ मागे जाते. वीज लागत नाही. परवा घरी येईल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आली.

दोन माणसांनी आणून ठेवली, सही घेतली, गेले. मी पहिल्यांदाच तिच्यात बसलो.

बायको उंचीने माझ्या खांद्याला लागते. म्हणजे तिच्या मानेचा टेकू माझ्या पाठीच्या दोन पात्यांच्या मधोमध. डोकं मागे अधांतरी. पाय ठेवायची फळी पोटरीलाच संपते, पावलं हवेत. आणि दांडा — दांडा उजव्या बाजूला! झोळीतल्या हाताच्या अगदी शेजारी, त्या हाताने ओढायचा. डॉक्टरांनी ज्या हाताने चमचासुद्धा उचलायचा नाही म्हणून बजावलंय त्या हाताने.

मी मागे उभा राहून बघितली. जगातली कुठलीही खुर्ची मी मागे उभा राहूनच बघतो. तिच्यात बसणारा माणूस या खेपेला मी आहे, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

बायको हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता तिला कुठेतरी बसावं लागलं, ती त्याच खुर्चीत बसली. काय शोभत होती! खुर्ची उत्तमच आहे. बायकोला.

दुकानात फोन केला. "सर, बदलून मिळेल, पण तीन आठवडे लागतील. आणि पसंत तर तुम्हीच केलीत, आम्ही शिकलो तुमच्याकडून." तीन आठवडे मी काय घोड्यासारखा उभ्याने झोपू? आणि दांडा म्हणे सगळ्यांचा उजवीकडेच असतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सध्याची पद्धत अशी. मी बसतो. बायको दांडा ओढते, मी मागे जातो. डोक्याखाली गुंडाळलेली चादर, पायाखाली स्टूल. उठायचं झालं की हाक मारायची. ती झोपेतून उठून येते, दांडा दाबते, मी वर येतो. काल तीनदा. तिसऱ्या खेपेला तिने विचारलं, "पावडर लावू का मानेला?"

आज दुपारी ती बाजारात गेलेली. मला उठायचं होतं. म्हटलं, डावा हात पोटावरून पलीकडे नेऊन दांडा दाबू, त्यात काय आहे. अंग पिळलं, हात पोचला, दांडा खाली गेला आणि खुर्चीने मला असं उडवलं की मी समोरच्या टेबलावर डाव्या हातावर पडलो. उजवा खांदा झोळीत हिसकला. तिथेच टेबलाला धरून किती वेळ उभा होतो ते माहीत नाही.

बायकोला सांगितलेलं नाही. इथे लिहितो. घाबरलो. खरंच घाबरलो. ऑपरेशनच्या आधीसुद्धा एवढा घाबरलो नव्हतो. नंतर बोटं हलवून बघितली, कंगवा धरतो तशी. हलतात. पण टाके बोटांत नाहीत ना.

१६ फेब्रुवारी, सोमवार

धाकटा आला होता. घरी!

बायकोनेच सांगितलं असणार. ती नाही म्हणते, पण तिच्या भोळ्या तोंडावरची माशी हलत नव्हती. सकाळी दहाला दारात उभा, हातात हत्यारांची पिशवी आणि खांद्यावर पोतं. माझ्याकडे बघितलं नाही. "वहिनी, त्यांना जरा उठायला सांगा."

बायको म्हणाली, "मी काय टेलिफोन एक्सचेंज आहे? ते समोर बसलेत तुमच्या." तरी त्याने परत तेच सांगितलं. मी उठलो.

त्याने खुर्ची उलटी केली. खालून एक आडवी सळी जाते, दांडा तिच्या उजव्या टोकाला बसवलेला असतो. त्याने तो काढला, सळी डावीकडे बाहेर येईल अशी सरकवली. पोत्यातून काय निघालं तर वडिलांच्या दुकानातल्या जुन्या खुर्चीचा लोखंडी दांडा! माळ्यावर पडला होता. तो डावीकडे बसवला. वडिलांच्याच खुर्चीचा वरखाली होणारा टेकू पाठीच्या वर ठोकला. पायांच्या फळीला पुढे अजून एक फळी, तिच्यावर गादीचा तुकडा. भोकं पाडायचं मशीन मात्र बायकोच्या हातात दिलं — "वहिनी, तुम्ही दाबा, मी दाखवतो कुठे." कामं करवून घ्यायची सवय काही जात नाही!

टेकूचा एक स्क्रू जरा तिरका गेला. मला दिसला. तोंडापर्यंत आलं होतं. पाच वर्षांपूर्वी अशाच वेळी शेण खाल्लं होतं, ते आठवलं आणि जीभ चावून गप्प राहिलो.

मग स्वारी स्वतः बसली. "जरा बघतो." दांडा ओढला, मागे गेला, डोळे मिटले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चहा निवला. माझी खुर्ची, माझं घर, आणि हा पाहुणा आडवा! मी बायकोला खूण केली, उठव. तिने मान हलवली, राहू द्या. अर्ध्या तासाने उठला, तोंड पुसलं, चहा थंडच प्यायला.

शेवटी मला बसवलं. मागे उभा राहिला आणि डोक्याच्या मागे दोन बोटं घालून टेकू एकेक खाच वर घेत गेला. गिऱ्हाइकाची मान अशी बघायची, हे त्याला मीच शिकवलं होतं, तो सोळा वर्षांचा असताना. पाच वर्षांत त्याचा हात लागला नव्हता मला.

जाताना म्हणाला, "वहिनी, त्यांना सांगा, मान अवघडली तर एक खाच खाली."

मी म्हटलं, "त्यांना सांग, ठीक आहे."

ठीक आहे! एवढंच सुचलं मला. तोंडालाही टाके घातले होते की काय!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सहा तास झोपलो. सलग. दांडा डाव्या हाताने दाबला, वर आलो, एकटा चालत गेलो, एकटा परत आलो, परत झोपलो. बायको सकाळी आठला उठली. दोन आठवड्यांनी तिचा चेहरा माणसात आला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मास्तर भेटायला आले. डोकं नुकतंच कापलेलं. म्हणजे धाकट्याच्या खुर्चीत बसले! बावीस वर्षांचं गिऱ्हाईक तीन आठवडे दम धरू शकलं नाही.

"दोघांची गिऱ्हाइकं एकटा सांभाळतोय तो," मास्तर म्हणाले. "तुमच्या खुर्चीवर कोणाला बसवत नाही हं. टॉवेल टाकून ठेवलाय. म्हणतो, ही दादाची."

"दादाची म्हणाला? की त्यांची?"

मास्तरांना आठवेना. गणितवाले! नको तिथे शून्य.

त्यांना म्हटलं, जरा वळा बघू. मान बघितली. रेघ डावीकडून चढलेली, आणि कानामागे पायऱ्या पडलेल्या. पाच वर्षांपूर्वीपेक्षाही वाईट. मला आनंद झाला! मास्तर गेल्यावर अर्धा तास तो टिकला. मग वाटलं, एवढा कसलेला माणूस, त्याच्या हाताला झालंय काय? घाई होत असेल. दोघांचं काम आहे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

व्यायामाच्या बाई आल्या. हात दुसऱ्याने उचलायचा, मी नाही. टेबलाच्या उंचीपर्यंत. रडकुंडीला आलो, पण बाईंना विनोद सांगत राहिलो.

१ मार्च, रविवार

दाढी महिन्याची झाली. सलूनवाल्याची दाढी छातीकडे निघालेली, शेजारीपाजारी फुकट करमणूक. बायको म्हणाली, भाऊजींना बोलावू का. मी म्हटलं, नको. एकदा खुर्ची झाली, आता दाढी, मग उद्या पाय चेपायला?

मग तिनेच केली. खुर्चीत मागे टेकलो, तिने फेस लावला, रेझर घेतला आणि देवाचं नाव घेतलं. ते मला ऐकू आलं. मी सूचना द्यायला लागलो — वरून खाली, गाल ताण, धार सपाट धर. तिने हात थांबवला. "आणखी एक शब्द बोललात तर अर्धी करून सोडून देईन."

तीन ठिकाणी कापलं. पण हनुवटीखालचं, जे भल्याभल्यांना जमत नाही, ते स्वच्छ. तिला सांगितलं तेव्हा ती लाजली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर!

७ मार्च, शनिवार

बायको दुकानावरून येताना बघून आली. दुपारी एक ते पाच शटर खाली. पाटी लावलेली. शेजारच्या चष्मेवाल्याने सांगितलं, दहा-बारा दिवस रोज असंच आहे.

संतापाने झोप उडाली दुपारची. शनिवारची दुपार बंद! शनिवारी दुपारी आम्हाला जेवायला उसंत नसायची. गिऱ्हाईक म्हणजे काय झाडाला बांधलेली गाय आहे, की याची झोप होईपर्यंत थांबेल? दोन चौक सोडून नवं सलून झालंय, गार हवेचं, मासिकं ठेवलेली. एकदा तिकडे गेलेला माणूस परत येत नाही. मी इथे हात सांभाळत एकेक दिवस मोजत बसलोय, आणि हा तिकडे मी परत जाण्याआधीच दुकान मोडीत काढणार.

"काहीतरी असेल," बायको म्हणते.

आळस असेल. लहानपणापासून आहे. सकाळी तांब्याभर पाणी तोंडावर मारल्याशिवाय उठायचा नाही.

१२ मार्च, गुरुवार

मंगळवारी डॉक्टर. या घरात तो शब्द कोणी काढत नाही. बायको तव्याशीसुद्धा हळू बोलते.

१५ मार्च, रविवार

त्या दिवशी टेबलावर पडलो होतो ते आज बायकोला सांगून टाकलं. वाटलं, मंगळवारी डॉक्टरांनी काही वेडंवाकडं सांगितलं तर तिला ते तिथे कळायला नको. तिने माझ्या डाव्या हाताचा तळवा उलटा करून बघितला, जसं काही खूण अजून असेल. मग म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. टेबलावरची फुलदाणी तुम्ही उलटी ठेवली होतीत."

हिला सगळं कळतं. मला मान सोडून काही दिसत नाही.

१७ मार्च, मंगळवार

टाके धरले!

डॉक्टरांनी झोळी सोडली, माझं मनगट धरलं आणि हात हळूहळू वर नेला. खांदा. कान. डोक्याच्या वर! दुखलं, पण गेला. "छान धरलंय. अजून दोन-अडीच महिने व्यायाम, मग कात्री. वर जाईल हात, काळजी करू नका."

डॉक्टरांसमोर रडलो. लाज वाटली नाही. बायकोने रुमाल पुढे केला तर तो आधीच ओला.

आजपासून पलंगावर झोपायला हरकत नाही. विचारलं, आणखी काही दिवस खुर्चीतच झोपलो तर चालेल का? डॉक्टर हसले. म्हणाले, सगळे हेच विचारतात.

आता उद्या दुपारी दुकानात जायचं, शटर खाली असतानाच. पाच वर्षांचं मौन गेलं खड्ड्यात, समोर उभं राहून विचारणार. माझा हात परत आला, दुकान कुठे घालवलंस? रस्त्याने येताना सगळं जुळवून ठेवलंय. बायको म्हणते, "आधी टेकूबद्दल आभार माना." ते नंतर. आधी भांडण.

१८ मार्च, बुधवार

दोन वाजता गेलो. शटर अर्धं खाली. वाकून आत शिरलो. धाकटा त्याच्या खुर्चीत मागे टेकलेला, उजव्या खांद्यावर बर्फाची पिशवी.

त्याचीही दोरी सुटलेली. माझ्या आधीपासून. डिसेंबरात त्याला ऑपरेशनची तारीख मिळाली होती. तेवढ्यात माझं निघालं. दोघं एकदम पडलो तर दुकान कोण उघडणार, म्हणून त्याने स्वतःची रद्द केली, आणि सहा आठवडे त्या हाताने दोघांची गिऱ्हाइकं केली. परवा परत दाखवून आला. आता दोरी आत आखडून गेली आहे, ओढून शिवण्यासारखी राहिलेली नाही. त्याचा हात खांद्याच्या वर जाणार नाही. कधीच.

हे सगळं त्याने छताकडे बघत सांगितलं.

"मला आधी का नाही सांगितलंस?" एवढंच ओरडलो.

"कसं सांगू, दादा? आपण बोलत कुठे होतो."